टन, तारे आणि माहूरचे ऊन

माहूर, किनवट, हदगाव, नांदेड या पट्ट्यात घर थंड ठेवण्याविषयी एक मत आता इतके रुजले आहे की त्याला कोणी मत म्हणत नाही. ते व्यवहारज्ञान समजले जाते. कूलर ही ऐपत नसलेल्याची तडजोड आहे. हातात पैसा आला की एसी घ्यावा. घ्यायचाच तर दीड टनाच्या खाली जाऊ नये. फाइव्ह स्टारला चार पैसे जास्त गेले तरी विजेच्या बिलात ते फिटतात. सप्टेंबर 2025 मध्ये एसीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, हप्त्यांची सोय आधीपासून होतीच, त्यामुळे या मताला आणखी जोर आला. माहूरगडाखालच्या लॉजवाल्यापासून नव्याने स्लॅब टाकलेल्या शिक्षकापर्यंत सगळे हेच बोलतात.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. या भागात मर्यादित पैशावर पहिला हक्क छताचा, दुसरा कूलरचा आणि तिसरा एसीचा. शिवाय एसी घ्यायचाच असेल तर तो मे महिन्यासाठी घेऊ नये; जून आणि ऑक्टोबरसाठी घ्यावा. हे म्हणणे विचित्र वाटेल याची मला जाणीव आहे, म्हणून ते हिशेबाने मांडतो.

आधी पूर्वपक्ष पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. माहूरचा मे महिना सोसण्यापलीकडचा असतो. दुपारचा पारा 42-43 अंशांवर जातो, स्लॅब संध्याकाळनंतर तापलेला राहतो आणि रात्री बारापर्यंत खाटेवर वरून झळ येते. ज्या घरात हृदयविकाराचा वृद्ध आहे, बाळंतीण आहे, तान्हे मूल आहे, तिथे थंडावा ही चैन नव्हे, औषध आहे. कूलरला रोज पाणी भरावे लागते, त्याचा आवाज होतो, त्याच्या टाकीत डास होतात, पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसे दगावतात, आणि पाऊस लागला की तो गार करण्याऐवजी घर दमट करतो. यातले एकही वाक्य खोटे नाही. तरीही यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे असे मी म्हणतो, आणि त्याचे कारण हवेत आहे.

कूलर किती गार करू शकतो हे त्याच्या किमतीवर ठरत नाही, हवेच्या कोरडेपणावर ठरते. साध्या तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून पंख्याच्या वाऱ्यात धरले तर पारा उतरत जाऊन एका जागी थांबतो. पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते, त्याची ही सीमा असते. 42 अंशांच्या आणि 20 टक्के आर्द्रतेच्या हवेत हा ओला पारा साधारण 24 अंशांवर थांबतो. कोरडा 42, ओला 24, मधले अंतर 18 अंश. ताट्या नीट भिजत असतील तर चांगला कूलर या अंतराच्या 70 ते 80 टक्के वाट चालतो. म्हणजे बाहेर 42 अंश असताना त्याच्या तोंडातून 28-29 अंशांची हवा येते. पंख्याच्या झोताखाली बसलेल्या माणसाला ती पुरेशी सुखाची असते. आपल्याकडच्या माणसांना नेमके किती तापमान सुखाचे वाटते याचा अभ्यास अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशातल्या वेगवेगळ्या हवामानांत केला, आणि 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत तो विचार आला. त्याचे सार असे की सवयीच्या हवेत राहणारा माणूस चढत्या तापमानाशी बऱ्यापैकी जुळवून घेतो. परदेशी कार्यालयांसाठी ठरवलेले 22-23 अंशांचे मानक त्याच्यावर लादण्याचे कारण नाही.

आता हेच गणित जूनअखेरीला मांडा. मृग बरसून गेला, हवा 32 अंश, आर्द्रता 70 टक्के. ओला पारा साडेसत्तावीसच्या आसपास थांबतो. अंतर उरले साडेचार अंश. कूलर त्यातले साडेतीन कापील, पण खोलीत ओल भरेल, कपडे चिकट होतील, उशीला वास येईल. हवा आधीच बाष्पाने भरलेली असताना तिच्यात आणखी पाणी घालणे हा कूलरचा गैरवापर आहे. मुंबईत ही स्थिती जवळजवळ वर्षभर असते. म्हणून मुंबईत कूलर निकामी आहे आणि तिथे एसीला पर्याय नाही. रूढ मताचा उगम इथे आहे. ते मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडून आणि जाहिरातींकडून आले. जिथून ते आले तिथे बरेचसे खरे आहे, पण पैनगंगेच्या काठापर्यंत येताना त्याच्यासोबत तिथली हवा आली नाही.

या ठिकाणी यंत्राचा इतिहास उपयोगी पडतो. 1902 मध्ये विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचा हेतू माणसांना गारवा देणे हा नव्हता. दमट हवेत कागद फुगे, रंगांची छपाई जुळत नसे. हवेतली ओल आवरणे हे काम होते. थंड नळ्यांवरून हवा फिरवली की तिच्यातले पाणी ठिबकून जाते. हा गुण एसीच्या रक्तात पहिल्यापासून आहे आणि तो कूलरकडे मुळीच नाही. मग ज्या महिन्यात हवेत ओल नसतेच, त्या महिन्यासाठी एसी घेणारा माणूस त्याच्या सर्वांत मोलाच्या गुणाचे पैसे देतो आणि तो गुण वापरत नाही. उलट मृगाच्या आगेमागे, हवा भरून आलेली आणि पाऊस पडत नसलेली, ती आठ-पंधरा दिवसांची घुसमट. नंतर भाद्रपदातली उघडीप. मग नवरात्रात गडावर गर्दी उसळते तेव्हाचे ऑक्टोबरचे चिकट ऊन: इथे एसी आपले काम करतो आणि कूलर हात टेकतो. ज्या लॉजवाल्याचा मुख्य हंगाम नवरात्र आहे, त्याने एक-दोन खोल्यांना एसी बसवण्यात मला गैर काही दिसत नाही. चैत्री पौर्णिमेच्या गर्दीसाठी मात्र त्याच लॉजला उत्तम कूलर पुरतात, कारण त्या वेळी हवा कोरडीठाक असते.

टनाकडे वळू. एक टन म्हणजे 2000 पौंड बर्फ चोवीस तासांत वितळवण्याइतकी उष्णता काढून घेण्याची क्षमता, ताशी 12,000 बीटीयू, म्हणजे साडेतीन किलोवॅट. बर्फाच्या व्यापारातून आलेले हे माप आहे आणि ते उष्णतेचे आहे, क्षेत्रफळाचे नव्हे. तरीही दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘खोली किती बाय कितीची?’ समजा दोन खोल्या आहेत, दोन्ही 10 बाय 13 फुटांच्या. एकीवर आणखी एक मजला आहे, दुसरीवर थेट उघडा स्लॅब. मेच्या दुपारी काळपट स्लॅबचा पृष्ठभाग 60 अंशांच्या पुढे जातो आणि त्या बारा चौरस मीटरमधून एकट्या छतावाटे सव्वा ते दीड किलोवॅट उष्णता खाली उतरू शकते. अर्ध्या टनाच्या आसपासचा हा फरक आहे, आणि क्षेत्रफळ दोन्हीकडे एकच आहे. पश्चिमेची भिंत, पडदा नसलेली काच, खोलीला लागून असलेले स्वयंपाकघर हे त्यात वेगळे मिळवायचे. दुकानदार हे विचारत नाही, आणि उत्तर म्हणून दीड टन हातात ठेवतो. गरजेपेक्षा मोठा एसी घेतल्याने सुख वाढत नाही. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या यंत्रात तर खोली चटकन गार होऊन कॉम्प्रेसर बंद पडतो, ओल काढायला वेळच मिळत नाही, आणि माणूस थंड पण दमट खोलीत झोपतो.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला सांगितली जात नाही. लेबलवरची क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजलेली असते. आपली मेची दुपार त्याच्या सात-आठ अंश वर असते. त्या उन्हात यंत्राची क्षमता घटते आणि वीज जास्त लागते, म्हणजे ज्या दिवसासाठी ते घेतले त्याच दिवशी ते सर्वांत दुबळे असते. बाहेरचा भाग पश्चिमेच्या भिंतीवर किंवा जाळीने बंद केलेल्या गॅलरीत बसवला तर ही घट आणखी वाढते, कारण तो स्वतःच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढून घेतो. कूलरचे उलट आहे: हवा जितकी तापलेली आणि कोरडी, तितका तो जास्त अंश उतरवून दाखवतो. मेच्या दुपारी माहूरमध्ये कूलरच्या बाजूने बोलण्याचे माझे मुख्य कारण हेच आहे.

ताऱ्यांचा मुद्दा तितका लांबवण्याची गरज नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोचे लेबल उपयोगी आहे आणि ते वाचायला शिकले पाहिजे. पण त्यावरचा वार्षिक वापर 1600 तास धरून काढलेला असतो. दीड टनाच्या तीन तारे आणि पाच तारे असलेल्या यंत्रांत लेबलवर दीडशे-दोनशे युनिटांचा फरक दिसतो. ज्या घरी मेमध्ये कूलर चालतो आणि एसी वर्षाकाठी पाचशे तास लागतो, तिथे हा फरक साठ युनिटांवर येतो. साठ युनिटांच्या बचतीतून किमतीतला काही हजारांचा फरक फिटायला यंत्राचे बरेचसे आयुष्य जाईल. मुंबईत रोज आठ तास, आठ महिने एसी लावणाऱ्याने फाइव्ह स्टार घ्यावा. माहूरमध्ये तीन तारे पुरेत, आणि वाचलेला पैसा छताला लावावा. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, गेल्या वर्षीचे पाच तारे पुढच्या वर्षी चार होतात, म्हणून ताऱ्यांपेक्षा त्यांच्याजवळ छापलेला आयएसईईआर हा आकडा पाहावा.

विजेच्या बिलाबद्दल एक गोष्ट मात्र ठासून सांगितली पाहिजे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. पहिल्या शंभरानंतर दर एकदम चढतो. नव्वद-शंभर युनिटांत भागणाऱ्या कुटुंबाने रोज आठ युनिटे खाणारा एसी महिनाभर लावला की दोनशे चाळीस युनिटे वाढतात, आणि ती जवळजवळ सगळी वरच्या टप्प्यांत पडतात. कूलर त्याच काळात पन्नास-साठ युनिटे घेतो, आणि लाइट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवरही चालतो. ज्यांनी पीएम सूर्यघर योजनेतून छतावर सौर पॅनल बसवले आहेत त्यांच्यापुरते हे गणित बदलते. त्या पॅनलांची सावली स्लॅबवर पडते, हा त्यांचा दुसरा लाभ फारसा कोणी मोजत नाही.

आता सर्वांत कठीण आक्षेप: पाणी. मराठवाड्यात राहून पाण्यावर चालणाऱ्या यंत्राची बाजू घेणाऱ्याने या आक्षेपाला सरळ सामोरे गेले पाहिजे. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनात साधारण दोन तृतीयांश युनिटाएवढी उष्णता शोषली जाते. ऐन कोरड्या दुपारी मध्यम कूलर ताशी दहा लिटरच्या आसपास पाणी उडवतो. दुपार आणि रात्र मिळून दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दिवसाला 55 लिटरचे प्रमाण धरले आहे. म्हणजे एक कूलर एका माणसाच्या वाट्यापेक्षा जास्त पाणी पितो. हे लपवून कूलरचे समर्थन करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण एसी पाणी पीत नाही, ही समजूतही खरी नाही. तो ते आपल्या डोळ्यांआड पितो. औष्णिक वीज केंद्रांसाठी 2015 मध्ये केंद्राने जी मर्यादा घातली, ती जुन्या केंद्रांना एका मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर पाण्याची आहे, म्हणजे एका युनिटामागे साडेतीन लिटर. रोजच्या आठ युनिटांना 28 लिटर झाले. मराठवाड्याला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही: 2013 च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. तरीही हिशेब केला तर कूलरचे पाणी जास्तच भरते, हे मी मान्य करतो. म्हणून माझे समर्थन सशर्त आहे. ज्या गावाला मेमध्ये टँकर येतो तिथे मी कूलर सुचवणार नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्या लातुरात त्या वर्षी कूलर भरणे शेजाऱ्याच्या तोंडचे पाणी उडवण्यासारखे होते. बोअरला पाणी असलेल्या, विहीर जिवंत असलेल्या घराचा प्रश्न वेगळा आहे. जिथे पाणी नाही तिथे उत्तर एसीकडेही धावत जात नाही. ते आधी छताकडे जाते. छताला ना रोजचे पाणी लागते ना वीज.

डास आणि शॉक या आक्षेपांना उत्तरे आहेत आणि ती स्वस्त आहेत. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवड्याच्या आसपास लागतो; म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, आतून घासून, सुकवून मगच भरावी. हंगाम संपल्यावर तळाशी पाणी ठेवून कूलर गच्चीवर टाकणे हा गुन्हा मानावा. शॉकच्या बाबतीत तर कसलीही सवलत नको. पत्र्याऐवजी फायबरचे अंग, तीन पिनांचा प्लग, खरोखर जमिनीत गेलेली अर्थिंग, बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि पाणी भरताना प्लग काढलेला. कूलरने माणूस मेला असे वाचतो तेव्हा बहुतेक वेळा कूलर नव्हे, घराची वायरिंग दोषी असते. ती वायरिंग एसी लावल्यानेही सुरक्षित होत नाही.

कूलर ‘काम करत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांनी तो बंद खोलीत, कोपऱ्यात ठेवलेला असतो. मग तो खोलीतलीच ओली हवा फिरवतो आणि तासाभरात घुसमट होते. कूलर खिडकीबाहेर हवा, त्याला कोरडी हवा ओढता आली पाहिजे, आणि समोरच्या बाजूला निदान त्याच्या तोंडाएवढे दार किंवा खिडकी उघडी हवी. दोन-तीन मिनिटांत खोलीतली सगळी हवा बदलली पाहिजे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ताट्यांवर पांढरा थर चढतो. दर हंगामाला त्या नव्याने भराव्यात. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून वारा गार करण्याची रीत या देशात मोगलांच्या काळापासून नोंदलेली आहे, आईन-ए-अकबरीत वाळ्याच्या गार खोल्यांचे वर्णन आहे. तेव्हाही ती पैसे नसलेल्याची तडजोड नव्हती, बादशाही थाट होता.

एवढ्यावर दुसऱ्या बाजूने एक टोकाचे मत पुढे येते, आणि त्याचेही खंडन केले नाही तर माझी मांडणी अर्धवट राहील. ‘हे सगळे कशाला? आजोबांची माळवदाची घरे उन्हाळ्यात गार असत, सिमेंटने वाटोळे केले.’ माळवदाचे घर गार असे हे खरे. हात-दीड हात मातीच्या थराचे छत आणि दोन-अडीच फुटांची दगडमातीची भिंत दिवसाची उष्णता रात्रीपर्यंत आत पोचू देत नसत. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली तेव्हा तेच जड छत आणि मातीत रचलेल्या त्याच भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर मराठवाड्याने माळवद सोडून स्लॅब आणि पत्रा पत्करला, तो फॅशन म्हणून नव्हे, जिवाच्या भीतीने. त्या निवडीला वाटोळे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न एवढाच उरतो की हलक्या, मजबूत छताला उन्हापासून वाचवायचे कसे.

आणि इथे माझ्या मांडणीतला मुख्य भाग येतो. पांढरे छत ऊन परत फेकते. काळपट सिमेंट सूर्याच्या किरणांतले साठ-सत्तर टक्के शोषते; ताज्या पांढऱ्या लेपाने हे प्रमाण पाव भागापर्यंत उतरते. वर सांगितलेल्या बारा चौरस मीटरच्या खोलीत छतावाटे येणारी उष्णता ऐन दुपारी निम्म्याच्या जवळ येते. सहा-सातशे वॅटचा हा दिलासा विनावीज मिळतो, आणि रात्री स्लॅबची झळ कमी होते, जी कोणताही कूलर थांबवू शकत नाही. चुन्याची सफेदी, त्यात चिकटायला फेविकॉल किंवा डिंक, होळीनंतर दोन हात. पावसात तो धुपतो, पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा. पैसे असतील तर बाजारातला परावर्तक लेप अनेक वर्षे टिकतो. अहमदाबादने 2013 मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे तिथल्या वस्त्यांत छते पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. किनवटच्या पलीकडे तेलंगणातले आदिलाबाद लागते. त्या तेलंगणाने एप्रिल 2023 मध्ये गार छतांचे पाच वर्षांचे धोरण जाहीर करून काही प्रकारच्या नव्या इमारतींना ते सक्तीचे केले. जे शेजारच्या राज्यात बांधकामाचा नियम म्हणून आले, ते आपल्याकडे अजून ‘गरिबाचा चुना’ समजले जाते याचे मला वाईट वाटते.

पत्र्याच्या घराला याहून जास्त गरज आहे. पत्र्यावर पांढरा रंग, वर हिरवी जाळी, आणि शक्य असेल तिथे पत्र्याखाली हवा खेळेल अशी पोकळी ठेवून आडवे छत. तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर पत्र्यावर टाकण्याची आपली पद्धत उष्णतेच्या शास्त्राला धरून आहे. फक्त चुलीच्या धुराड्याजवळ आणि विजेच्या तारेखाली तो टाकू नये. पत्र्याच्या उघड्या छताखाली एसी लावणे म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणे. तिथे दीड टनही अपुरा पडतो, आणि मग दोन टन घेण्याचा सल्ला मिळतो.

थंडीचा विषय थोडक्यात उरकतो, कारण तो माहूरमध्ये थोडकाच आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींच्या घरी तळघरात गॅसची भट्टी असते. तिचाच पंखा उन्हाळ्यात एसीची गार हवा त्याच नळ्यांतून घरभर फिरवतो. म्हणून तिथे भट्टी आणि एसी जोडीने घेण्यात शहाणपण आहे, आणि शिकागोच्या उणे तापमानात त्याला पर्यायही नाही. त्या घरांचा अनुभव घेऊन आलेले कोणी नांदेडच्या बंगल्यात ‘घरभर एकच यंत्रणा’ सुचवते, तेव्हा एक आकडा पुढे ठेवावा. तिथली लहानातली लहान गणली जाणारी भट्टी ताशी 40,000 बीटीयू जाळते. आपला 14.2 किलोचा सिलिंडर तिला सलग पंधरा-सोळा तासांपेक्षा जास्त पुरणार नाही. आणि माहूरची जानेवारीची रात्र दहा-बारा अंशांवर येते, दुपार 28 वर जाते; अशा हवेत घर तापवण्याची गरज नसते, गोधडी आणि बंद खिडकी पुरते. ‘हॉट अँड कोल्ड’ एसीसाठी जास्तीचे पैसेही इथे देऊ नयेत. खरी काळजी वेगळीच आहे: थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे आणि खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर बसवणे. दोन्हींतून वास नसलेला, रंग नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो आणि माणूस झोपेत किंवा अंघोळ करताना जातो. गिझर बाहेर बसवा, न्हाणीघराला वर-खाली झरोके ठेवा.

राहता राहिला तो वृद्ध, ज्याच्यापासून पूर्वपक्ष सुरू झाला होता. त्याच्यासाठी एसी घ्या, हे मी बिनशर्त म्हणतो. पण घरातली सर्वांत लहान, सर्वांत सावलीतली, शक्यतो वर मजला असलेली खोली त्याला द्या. छत पांढरे करा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई किंवा झडप लावा, मग एका टनाचा तीन तारांकित इन्व्हर्टर एसी तिथे पुरेल. तो 26-27 अंशांवर ठेवा आणि पंखा चालू राहू द्या. ब्युरोच्या म्हणण्यानुसार एक अंश वर ठेवल्याने सुमारे 6 टक्के वीज वाचते. बाहेरचा भाग उत्तरेच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर घ्या. बाकीच्या घराला कूलर लावा. कोणत्या दिवशी काय चालवायचे हे ओल्या फडक्याचा तापमापक सांगेल: दोन पाऱ्यांत दहा अंशांहून जास्त अंतर असेल तर कूलर, सहाच्या खाली असेल तर एसी, मधे असेल तर नुसता पंखा आणि उघडी खिडकी. खरेदीच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, कारण कूलर असो वा एसी, ती पहिल्या दिवशी लागते.